फुप्फुसशोथ : प्रतिरक्षा कोशिका व ऑक्सिडीकारक ताण

फुप्फुसातील वायुकोशांना सूक्ष्मजंतू, व्हायरस किंवा कवक यांच्या संसर्गामुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेस ‘फुप्फुसशोथ’ अथवा ‘न्यूमोनिया’ असे म्हणतात. या विकारात वायुकोशांत हवेऐवजी द्रव, श्वेत कोशिका व रोगजंतू साठतात आणि रक्ताला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. रोगाची सुरुवात जंतूंमुळे होत असली, तरी रोगी बरा होणार की दगावणार हे केवळ जंतूंवर अवलंबून नसते. शरीराच्या प्रतिरक्षा कोशिका किती लवकर, किती जोराने व किती काळ लढतात, यावरही ते बऱ्याच अंशी ठरते. या कोशिकांचे एक प्रमुख शस्त्र म्हणजे ऑक्सिजनापासून तयार होणारी अतिविक्रियाशील संयुगे होत. ती जंतूंचा नाश करतात, तशीच फुप्फुसाच्या नाजूक ऊतकालाही इजा करतात. अशा संयुगांची निर्मिती त्यांचे निराकरण करण्याच्या शरीराच्या शक्तीपेक्षा अधिक झाली म्हणजे उद्‌भवणाऱ्या स्थितीला ‘ऑक्सिडीकारक ताण’ म्हणतात.

संरक्षण अपुरे पडल्याने होणारी हानी व तेच अनावर झाल्याने होणारी हानी, अशी या रोगाची दोन्ही रूपे वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत दिसून आली आहेत. १९१८ सालची इन्फ्ल्यूएंझाची साथ, मेळघाटातील बालमृत्यू आणि २०२१ मधील कोविड-१९ ची दुसरी लाट ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

इतिहास : फुप्फुसशोथाचे प्रमुख कारण असलेला न्यूमोकॉकस हा सूक्ष्मजंतू १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे ओळखला. पुढील वर्षी रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांना तारामाशाच्या पारदर्शक डिंभात खुपसलेल्या काट्याभोवती भ्रमणशील कोशिका गोळा होताना दिसल्या. त्यावरून त्यांनी शरीरातील काही कोशिका जंतूंना गिळून नष्ट करतात, हा भक्षिकोशिकांचा सिद्धांत मांडला. त्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. जंतू गिळताना श्वेत कोशिका एकाएकी पुष्कळ ऑक्सिजन वापरतात, असे १९३३ मध्ये दिसून आले. तथापि हा ऑक्सिजन ऊर्जेसाठी नसून शस्त्रनिर्मितीसाठी असतो, हे कळण्यास आणखी काही दशके लागली. जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइडाचे निराकरण करणारे एंझाइम शोधून काढले आणि १९७३ मध्ये बर्नार्ड बेबियर व त्यांचे सहकारी यांनी श्वेत कोशिका सुपरऑक्साइड तयार करतात हे दाखवून दिले.

फुप्फुसाची संरक्षणव्यवस्था : प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सु. ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. वायुकोशातील हवा व केशवाहिनीतील रक्त यांमधील पडदा इतका पातळ असतो की, त्यातून ऑक्सिजन सहज पार होतो. पडद्याचा हा पातळपणा श्वसनास उपकारक, पण संरक्षणाच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो. श्वासाबरोबर येणारे बहुतेक कण व जंतू नाक, घसा व श्वासनलिका यांतील श्लेष्म्यात अडकतात आणि श्वसनमार्गाच्या अस्तरावरील केसांसारख्या पक्ष्माभिका त्यांना घशाकडे ढकलत नेतात. यातून निसटून वायुकोशापर्यंत पोहोचणाऱ्या जंतूंची गाठ तेथे वावरणाऱ्या महाभक्षी कोशिकांशी पडते. थोडे जंतू असल्यास या कोशिका ते गिळून टाकतात व त्याचा माणसाला पत्ताही लागत नाही. निरोगी माणसात ही झाडलोट सतत चालू असते.

जंतूंची संख्या फार असल्यास किंवा ते विशेष उग्र असल्यास महाभक्षी कोशिका सायटोकाइने नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. या संदेशामुळे केशवाहिन्यांच्या भित्तींमधील सांधे सैल होऊन रक्तातील उदासीनरागी श्वेत कोशिका मोठ्या संख्येने वायुकोशांत शिरू लागतात. अस्थिमज्जेत या कोशिका दररोज सु. दहा हजार कोटी इतक्या तयार होतात व रक्तात त्यांचे आयुष्य अल्प असते. सायटोकाइनांमुळेच ताप येतो व अंग मोडून येते. सैल झालेल्या सांध्यांतून कोशिकांबरोबर रक्तद्रवही पाझरतो. खंडीय फुप्फुसशोथात हा द्रव, तांबड्या कोशिका व तंत्वी प्रथिन यांनी फुप्फुसाचा एखादा खंड यकृतासारखा घट्ट होतो. या अवस्थेत थुंकी गंजासारख्या तांबूस रंगाची येते. पुढे श्वेत कोशिकांचे प्रमाण वाढून हा भाग करडा दिसू लागतो आणि बरे होताना महाभक्षी कोशिका मृत कोशिका व उरलेला मळ उचलून वायुकोश पुन्हा मोकळे करतात.

काही दिवसांनी लसीका कोशिकांचा सहभाग वाढतो. त्यांतील ‘बी’ कोशिका प्रतिपिंडे तयार करतात. न्यूमोकॉकसाभोवती शर्करायुक्त संपुट असल्याने तो भक्षिकोशिकांच्या पकडीतून निसटतो. प्रतिपिंडे चिकटल्यावर मात्र त्याला गिळणे सुलभ होते. ‘टी’ कोशिका व्हायरसाने ग्रासलेल्या कोशिकांचा नाश करतात. त्यांच्यापैकी काही कोशिका दाह आवरण्याचेही काम करतात.

ऑक्सिजनाचे शस्त्र : जंतू गिळल्यावर भक्षिकोशिकेच्या पटलातील एक एंझाइम ऑक्सिजनाच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे सुपरऑक्साइडात रूपांतर करते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. उदासीनरागी कोशिकांतील मायलोपेरॉक्सिडेज हे एंझाइम हायड्रोजन पेरॉक्साइड व क्लोराइड यांपासून हायपोक्लोरस अम्ल तयार करते. पिण्याच्या पाण्यात विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जे द्रव्य जंतू मारते, तेच हे अम्ल होय. थुंकीत व पुवात दिसणारी हिरवट छटा बव्हंशी मायलोपेरॉक्सिडेजामुळे येते. लोहाच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडापासून अतिशय विक्रियाशील असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. याखेरीज उदासीनरागी कोशिका आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर टाकून त्यांच्या जाळ्यात जंतूंना अडकवितात, असे २००४ मध्ये आढळून आले.

या शस्त्राचे महत्त्व एका आनुवंशिक विकारावरून कळते. ज्या बालकांच्या भक्षिकोशिकांना सुपरऑक्साइड तयार करता येत नाही, त्यांना स्टॅफिलोकॉकस, ॲस्परजिलस इत्यादींमुळे वारंवार फुप्फुसशोथ व गळवे होतात. न्यूमोकॉकसाचा त्रास मात्र त्यांना त्या मानाने कमी होतो. कारण या जंतूंना मारण्यात श्वेत कोशिकांतील प्रथिनभंजक एंझाइमांचा वाटा मोठा असतो. ऑक्सिजनाचे शस्त्र आवश्यक असले, तरी ते एकमेव नाही, असे यावरून दिसते.

रोगजंतूही स्वस्थ नसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूजवळ हायड्रोजन पेरॉक्साइडाचे विघटन करणारे कॅटालेज हे एंझाइम व ऑक्सिडीकरणापासून बचाव करणारे सोनेरी रंगद्रव्य असते. न्यूमोकॉकस तर स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि त्यामुळे श्वसनमार्गाच्या अस्तराला इजा होते. त्याचे न्यूमोलायसीन हे विष कोशिकांच्या पटलांना छिद्रे पाडते. अशा रीतीने ताणाचा काही भाग जंतूंकडून व काही भाग शरीराकडून येतो.

ऊतकाची हानी व तिचे निवारण : गिळलेल्या जंतूभोवतीच्या पोकळीत ही संयुगे राहिली, तर शरीराला धोका नसतो. परंतु उदासीनरागी कोशिका मोठ्या संख्येने एकत्र येऊन मरू लागल्या म्हणजे ही संयुगे व प्रथिनभंजक एंझाइमे बाहेर सांडतात. त्यांच्यामुळे कोशिकापटलांतील वसाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, प्रथिने व डीएनए यांना इजा पोहोचते आणि वायुकोश उघडे ठेवणारे पृष्ठसक्रिय द्रव्य निकामी होते. वायुकोश मिटू लागतात, केशवाहिन्यांतून अधिक द्रव पाझरतो व ऑक्सिजनाची उणीव वाढत जाते. ऑक्सिजनाचाच शस्त्र म्हणून अतिरेक झाल्याने शरीर श्वासासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनाला मुकावे, असा हा विरोधाभास आहे.

याविरुद्ध शरीराची तरतूदही मोठी असते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एंझाइमे आणि क व ई ही जीवनसत्त्वे विक्रियाशील संयुगांचे निराकरण करतात. वायुकोशांच्या अस्तरावरील द्रवात ग्लुटाथायोनाचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या शंभर पटींहून अधिक असते. ग्लुटाथायोन तयार होण्यास सिस्टाइन हे ॲमिनो अम्ल लागते व ते आहारातील प्रथिनांतून मिळते. सेलेनियम, जस्त व तांबे ही मूलद्रव्ये वर उल्लेखिलेल्या एंझाइमांचे घटक आहेत. म्हणून पोटभर व सकस अन्न हा फुप्फुसाच्या संरक्षणाचाच एक भाग ठरतो. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर, तंबाखूचा धूर आणि जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील कापसाची धूळ यांमुळे हा साठा खर्ची पडतो. धुराच्या कणांनी भरलेल्या महाभक्षी कोशिकांची जंतू मारण्याची क्षमता कमी होते. कापसाच्या धुळीतील जंतुजन्य अंतर्विषामुळे संसर्ग नसतानाही उदासीनरागी कोशिका श्वसनमार्गात गोळा होतात. वऱ्हाडासारख्या कापूसपिकाच्या प्रदेशात ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

वऱ्हाडातील अनुभव : (१) १९१८ ची साथ : इन्फ्ल्यूएंझाच्या या जागतिक साथीत तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रदेशांपैकी एक होता. साथीचा मोठा तडाखा १९१८ च्या अखेरच्या महिन्यांत बसला. त्या वर्षी मॉन्सूनने दगा दिल्याने धान्यही महाग झाले होते. या साथीतील बहुसंख्य मृत्यू केवळ व्हायरसाने नव्हे, तर त्यामागोमाग आलेल्या सूक्ष्मजंतुजन्य फुप्फुसशोथाने झाले, असे पुढे जतन केलेल्या ऊतकांच्या तपासणीवरून दिसून आले. व्हायरसामुळे श्वसनमार्गाचे अस्तर सोलवटते, पक्ष्माभिका नष्ट होतात आणि महाभक्षी कोशिका दुबळ्या होतात. त्यामुळे एरवी घशात निरुपद्रवी राहणारे जंतू वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्या काळी सल्फा औषधे किंवा पेनिसिलीन उपलब्ध नव्हते. मृतांत ऐन उमेदीतील तरुणांचे प्रमाण मोठे होते, हे या साथीचे वैशिष्ट्य होय. त्याचे एक संभाव्य कारण म्हणून तरुण शरीरातील जोरकस दाहाकडे बोट दाखविले जाते. परंतु या प्रश्नाचा अंतिम निर्णय झालेला नाही.

(२) मेळघाटातील बालके : अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांत धारणी व चिखलदरा हे तालुके आहेत. येथील रहिवाशांत कोरकू या आदिवासी जमातीची संख्या मोठी आहे. १९९० नंतरच्या दशकात येथील कुपोषण व बालमृत्यू हा राज्यभर चर्चेचा व न्यायालयीन सुनावणीचा विषय झाला. कुपोषणाने खालावलेल्या बालकांचा प्रत्यक्ष शेवट पुष्कळदा फुप्फुसशोथ, अतिसार यांसारख्या संसर्गांनी होतो. तीव्र कुपोषणात यौवनलोपी ग्रंथी आक्रसते, ‘टी’ कोशिका कमी होतात, पक्ष्माभिकायुक्त अस्तर दुर्बल होते आणि सूज येणाऱ्या प्रकारात ग्लुटाथायोनाचा साठा घटतो. म्हणजे जंतूंना मारण्याची शक्ती व स्वतःच्या शस्त्रापासून बचाव करण्याची शक्ती या दोन्ही एकदमच उणावतात. दाह नीट उत्पन्न होत नसल्याने ताप व जलद श्वास ही नेहमीची लक्षणेही कधीकधी दिसत नाहीत. मूल गार पडते, अंगावर दूध ओढीत नाही व निपचित होते. अशा बालकाला ताप नाही म्हणून आजार किरकोळ समजणे घातक ठरते.

फुप्फुसशोथ झालेल्या अर्भकाचे पोट श्वासागणिक उडते व बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. हा आजार पोटाचा आहे अशा समजुतीने पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा मेळघाटात आढळते. चटक्यांमुळे पडलेल्या जखमांतून जंतूंना नवे द्वार मिळते व उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. या प्रथेमागे मुलाला वाचविण्याचीच धडपड असते. म्हणून केवळ निषेध करण्यापेक्षा गावातच विश्वासाचा उपचार उपलब्ध होणे अधिक परिणामकारक ठरते. बैरागड येथे रवींद्र व स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्याने केलेली प्रदीर्घ वैद्यकीय सेवा (दोघांना पद्मश्री, २०१९) आणि धारणीनजीक आशिष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेचे गावपातळीवरील आरोग्यसेविकांमार्फत चालणारे काम ही या दिशेची उदाहरणे होत. भुमका या पारंपरिक वैदूंचे सहकार्य मिळविण्याचेही प्रयत्न झाले आहेत.

खेड्यात उपचार केल्यास काय साधते, हे वऱ्हाडाच्या पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाने दाखविले. तेथे गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते व दाया यांनी श्वास मोजून रोग ओळखला व तोंडाने घ्यावयाची प्रतिजैव औषधे दिली. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ०·८% होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १३·५% होते. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध लवकर मिळाल्यास जंतूंची संख्या घटते, दाह आटोक्यात राहतो व दुर्बल बालकाचा तुटपुंजा साठा संपण्यापूर्वीच लढाई मिटते, असा त्याचा शारीरिक अर्थ लावता येतो.

(३) २०२१ ची लाट : फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेची चाहूल देशात प्रथम ज्या भागांत लागली, त्यांत अमरावती व अकोला हे जिल्हे होते. त्याच महिन्यात तेथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली. या रोगातील फुप्फुसशोथाचे स्वरूप मेळघाटातील बालकांच्या विकाराच्या उलट होते. अनेक रोग्यांची प्रकृती पहिल्या आठवड्यानंतर, म्हणजे व्हायरसाचे प्रमाण उतरणीस लागल्यावर ढासळे. त्यांच्या रक्तात लसीका कोशिका घटलेल्या व उदासीनरागी कोशिका वाढलेल्या असत. मृत्यू झालेल्या रोग्यांच्या फुप्फुसांत श्वेत कोशिकांनी टाकलेली डीएनएची जाळी व गोठलेल्या रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. येथे मुख्य हानी अनावर दाहाने होत होती.

डेक्सामेथासोन हे दाह शमविणारे स्टेरॉइड औषध उपयुक्त ठरले ते याच कारणाने. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रोग्यांतील मृत्यू त्यामुळे सु. एकतृतीयांशाने व ऑक्सिजन द्यावा लागणाऱ्या रोग्यांतील सु. एकपंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनाची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. स्टेरॉइडांचा अकाली व अतिरिक्त वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे भक्षिकोशिका दुबळ्या होऊन म्यूकरमायकोसिस या कवकजन्य रोगाने २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुष्कळ रोगी ग्रासले. संरक्षणाला आवर घालणारे औषध वेळ चुकल्यास संरक्षणच हिरावून घेते, हे त्यातून दिसून आले.

निदान व उपचार : एका मिनिटातील श्वासांची संख्या ही बालकांतील फुप्फुसशोथाची सर्वांत सोपी खूण होय. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे जलद समजतात. छाती आत ओढली जाणे, अंगावर न पिणे, झटके येणे किंवा ओठ निळसर होणे ही धोक्याची चिन्हे असून अशा बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. प्रौढांत छातीची क्ष-किरण तपासणी, रक्तातील श्वेत कोशिकांची मोजणी व रक्तातील ऑक्सिजनाचे मापन यांचा उपयोग होतो. वृद्धांत तापाऐवजी केवळ बरळणे किंवा अन्नावरील वासना जाणे एवढेच लक्षण असू शकते.

सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात योग्य प्रतिजैव औषध लवकर सुरू करणे हा उपचाराचा गाभा आहे. बालकांत सामान्यतः ॲमॉक्सिसिलीन वापरतात. ऑक्सिजन देणे जीवदायी असले, तरी दीर्घकाळ गरजेपेक्षा अधिक प्रमाणात दिल्यास तोच ऑक्सिडीकारक ताण वाढवितो. म्हणून रक्तातील प्रमाण पाहून तो दिला जातो. समाजात उद्‌भवणाऱ्या अतितीव्र फुप्फुसशोथात हायड्रोकॉर्टिसोनामुळे मृत्यू ११·९% वरून ६·२% पर्यंत घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दिसले. याउलट जीवनसत्त्वे व इतर प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये औषध म्हणून देऊन केलेल्या चाचण्यांत सातत्यपूर्ण लाभ आढळलेला नाही. ऑक्सिडीकरण हे जंतुनाशाचेही साधन असल्याने ते सरसकट थांबविणे हिताचे नसते. गोवरानंतरच्या फुप्फुसशोथात मात्र अ जीवनसत्त्व उपयुक्त ठरते.

प्रतिबंध : हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी (बी प्रकार) व न्यूमोकॉकस यांविरुद्धच्या लशी प्रतिपिंडे आधीच तयार करून ठेवतात. त्यामुळे जंतू अल्प दाहातच नष्ट होतात. न्यूमोकॉकसाची संयुग्मित लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती सहा व चौदा आठवड्यांच्या वयात आणि नवव्या महिन्यात देतात. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली या प्रकारची भारतीय लस डिसेंबर २०२० मध्ये उपलब्ध झाली. गोवर व इन्फ्ल्यूएंझा यांच्या लशींमुळे या रोगांमागून येणारा फुप्फुसशोथ टळतो. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर पुरेसा पूरक आहार, धूरविरहित चूल, हात धुण्याची सवय व तंबाखूवर्जन यांमुळे संरक्षक कोशिका कार्यक्षम राहतात आणि त्यांच्या शस्त्रांना आवर घालणारा साठाही टिकून राहतो. जंतुनाशक औषधे व ऑक्सिजन यांचे महत्त्व मोठे असले, तरी मेळघाटातील झोपडीत फुप्फुसशोथाविरुद्धची पहिली फळी म्हणजे वेळेवर टोचलेली लस, मुलाच्या ताटातील अन्न व त्याचे श्वास मोजणारी आरोग्यसेविका हीच होय.